घरकामाचं गरम पाणी: स्वस्त साधन कोणतं आणि पैसा गळतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तीन माणसं. दोन वेळची भांडी, रोजची फरशी आणि आठवड्यातून दोनदा हाताने धुवायचे कपडे, एवढ्यासाठी गरम पाणी लागतं. न्हाणीघरात २५ लिटरचा जुना गीझर आहे आणि त्याची एक नळी स्वयंपाकघरातल्या सिंकपर्यंत आणलेली आहे. शिवाय गॅसची शेगडी, विजेची किटली आणि माळ्यावर पडून असलेला, बादलीत सोडायचा रॉड आहे. यातलं सगळ्यात स्वस्त काय पडेल, की सरळ नवीन काही घ्यावं?

पाणी तापवायची यंत्रं बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम मी वीसेक वर्षं करतोय. जवळजवळ प्रत्येक घरात हा प्रश्न ‘गॅस की वीज?’ अशा रूपात समोर येतो. त्याचं उत्तर तुमच्याकडच्या दरांवर आहे, आणि ते कसं काढायचं हे पुढे सांगतो. पण माझ्या अनुभवात साधन बदलून जेवढे पैसे वाचतात, त्याहून जास्त पैसे तीन गोष्टींवर लक्ष दिल्याने वाचतात. पाणी किती लिटर तापवता, किती अंशांपर्यंत तापवता, आणि तापवलेल्यापैकी किती पाणी खरोखर तुमच्या हाताखाली येतं. या तिसऱ्या गोष्टीकडे कोणी बघतच नाही.

आधी हिशेब, कारण तो फार सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणून लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, की युनिट आलं. नळाचं पाणी २० अंशांवर आहे आणि तुम्हाला १५ लिटरची बादली ४५ अंशांवर हवी आहे असं धरा. १५ गुणिले २५ म्हणजे ३७५, भागिले ८६०, म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडं कमीच. यंत्र कुठलंही आणा, कितीही भारी आणा, एवढी उष्णता पाण्यात जायलाच हवी. त्यात सूट नाही. फरक पडतो तो एवढी उष्णता पाण्यात घालण्यासाठी वर किती फुकट जाते, यात.

विजेच्या रॉडमध्ये जवळजवळ काहीच फुकट जात नाही. तो पाण्यातच बुडालेला असतो, उष्णता जाणार कुठे? बादली उघडी ठेवली तर वरून थोडी वाफ जाते, तेवढंच. बंद झाकणाची किटलीही चांगली, वीज घेते त्यातले ८५ ते ९० टक्के पाण्याला देते. इंडक्शनची शेगडी साधारण त्याच आसपास. मायक्रोवेव्ह मात्र भिंतीतून ओढलेल्या विजेतली निम्म्याहून थोडी जास्त पाण्यापर्यंत पोचवतो. कपभर पाण्याला ठीक आहे, भांड्यांच्या पाण्यासाठी अजिबात नको.

गॅसच्या शेगडीची गोष्ट वेगळी. ज्योत भांड्याच्या बाहेर, हवेत असते. घरोघरी जशी शेगडी वापरली जाते, म्हणजे लहान बुडाचं पातेलं, मोठी ज्योत आणि झाकण नाही, तशी वापरली तर निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. गॅस गीझरमध्ये पाणी पंख लावलेल्या तांब्याच्या नळ्यांमधून फिरतं, म्हणून तिथे ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता हाती लागते.

आता दरांची तुलना. सिलिंडरमधल्या एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी असतात. शेगडीवर त्यातल्या निम्म्या पाण्यात गेल्या असं धरलं, तर एक किलो गॅस म्हणजे विजेची सुमारे ६ युनिटं. गॅस गीझरवर हाच आकडा १० च्या आसपास जातो. म्हणून सिलिंडरच्या किमतीला आत किती किलो गॅस आहे त्याने भागा, म्हणजे एका किलोची किंमत मिळेल. तिला ६ ने भागा. आलेला आकडा तुमच्या विजेच्या एका युनिटच्या दरापेक्षा कमी असेल तर शेगडी स्वस्त, जास्त असेल तर रॉड किंवा किटली स्वस्त. गॅस गीझर असेल तर ६ ऐवजी १० ने भागा. नळाने येणारा गॅस असेल तर एका घनमीटरच्या दराला शेगडीसाठी ५ ने आणि गॅस गीझरसाठी ८ ने भागा. हे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरतात. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या तर डोकं शिणवू नका, जे सोयीचं ते वापरा.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. विजेचा दर बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून काढू नका, कारण त्यात स्थिर आकारही येतो आणि तो पाणी तापवलं नाही तरी भरावाच लागतो. वापर वाढला की दर चढत जात असेल, तर वरच्या टप्प्याचा दर धरा. गरम पाण्याची युनिटं त्या टप्प्यातूनच जातात.

लाकडाबद्दलही विचारतात, म्हणून एका वाक्यात सांगतो. उघड्या चुलीवर दहा-पंधरा टक्के उष्णतासुद्धा मुश्किलीने पाण्यात जाते, एक किलो सुकं लाकूड जाळून विजेच्या अर्ध्या युनिटएवढं काम होतं. मधून धुराडं जाणारा बंब चुलीपेक्षा पुष्कळ बरा, कारण धूर बाहेर पडता पडता पाण्याला उष्णता देऊन जातो. लाकूड फुकट मिळत असेल आणि धूर बाहेर जायला वाट असेल तर विचार करा, एरवी सोडून द्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे तुमच्या गीझरपासून सिंकपर्यंत आणलेली नळी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी गेलो होतो. स्वयंपाकघरात गरम पाण्याची लाइन ओढल्यापासून बिल वाढलं, गीझर बिघडलाय, बदलून द्या, अशी तक्रार होती. गीझर उघडण्याआधी मी सिंकच्या नळाखाली मापाचं भांडं धरलं आणि गरम पाण्याचा नळ सोडला. एक लिटर भरलं, पाणी थंडगार. दीड लिटर, थंडच. दोन लिटर होत आले तेव्हा कुठे बोटाला कोमट लागलं. घरातल्या बाईंनी मग सवयीने एक पातेलं घासून विसळलं आणि नळ बंद केला. बघा, बिल तिथेच होतं. अर्ध्या इंची नळीत दर मीटरला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. त्या घरात नळी अकरा मीटर होती. म्हणजे नळ बंद केला की दोन लिटर गरम पाणी नळीत अडकून पडायचं आणि पुढच्या पातेल्यापर्यंत थंड व्हायचं. दिवसातून सात-आठ वेळा असा नळ सोडला की पंधरा लिटर पाणी निव्वळ भिंत तापवायला जातं. त्यांचं भांड्यांचं पाणीच तेवढं होतं. गीझर ठणठणीत होता. मी काही बदललं नाही, फक्त यायची मजुरी घेतली आणि सांगितलं की दिवसातून दोनदाच टब भरून घ्या, त्यात घासा, विसळायला थंड पाणी वापरा.

तुमच्याकडे हे माप तुम्हीच घ्या. सकाळी पहिल्यांदा नळ सोडताना खाली बादली ठेवा आणि कोमट पाणी येईपर्यंत किती जमलं ते बघा. अर्ध्या लिटरच्या आत असेल तर नळी ठीक आहे. दीड-दोन लिटर असेल तर भांड्यांसाठी त्या गीझरचा नाद सोडा. आणि बादलीत जमलेलं ते पाणी फरशीला वापरा, फेकू नका.

साठवणीच्या गीझरची दुसरी गळती म्हणजे टाकीतून झिरपणारी उष्णता. चोवीस तास चालू ठेवलेली २५ लिटरची टाकी काहीही न वापरता दिवसाला अर्धं ते एक युनिट खाते. जुनी असेल आणि आतलं आवरण बसलं असेल तर आणखी. आता तुमची गरज बघा. दिवसाला ३० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं म्हटलं तर पाऊण युनिटाच्या थोडं वर जातं. म्हणजे जेवढं वापराल, जवळजवळ तेवढंच हवेला द्याल. म्हणून घरकामासाठी गीझर दिवसभर चालू ठेवू नका. वापराच्या आधी लावा, तापला की वापरा आणि बंद करा. ‘परत परत तापवायला जास्त वीज लागते’ असं पुष्कळ जण ऐकवतील. ते खरं नाही. गार झालेल्या टाकीतून पुढची उष्णता झिरपत नाही, गरम ठेवलेलीतून झिरपतच राहते. अपवाद एकच. तुमच्याकडे विजेला रात्री किंवा दुपारी वेगळा, बराच स्वस्त दर असेल, किंवा छतावरच्या सौर पॅनेलची वीज दुपारी उरत असेल, तर त्या वेळी टाकी भरून तापवून ठेवणं परवडतं.

मग थर्मोस्टॅट ४५ वर आणून ठेवला तर? बचतीच्या दृष्टीने मोह होतो. पण कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून टाकी तापवाल तेव्हा ६० पर्यंत तापवा आणि थंड पाणी मिसळून वापरा. घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर यात तडजोड नको. उलट ७५-८० वर ठेवायचंही काही कारण नाही. झिरपणं वाढतं आणि भाजण्याची भीती राहते. ६० अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, हे लहान मुलं असलेल्यांनी विसरू नये.

पाणी किती गरम लागतं, याचाही एकदा नीट विचार करा. हाताला ४० अंश छान कोमट वाटतं, ४५ ला ‘गरम आहे’ असं वाटतं आणि ५० ला हात मागे येतो. म्हणजे हाताने करायच्या कामाला ४५ च्या वर काही लागतच नाही. तरी घरोघरी पातेलंभर पाणी खळाखळा उकळतात आणि मग त्यात तेवढंच थंड पाणी ओततात. कागदावर दोन्ही सारखंच वाटतं, कारण उष्णता तेवढीच. पण पाणी उकळायला लागलं की वाफ होते आणि वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला ८० किलोकॅलरी पुरतात. त्याच लिटरची वाफ करायला मात्र वर ५४० लागतात. विसरून राहिलेल्या पातेल्यातून कपभर पाणी उडालं, तर तेवढ्यात भांड्यांचं चार लिटर पाणी तापलं असतं. शेगडीवर तापवायचंच असेल तर रुंद बुडाचं भांडं घ्या, झाकण ठेवा, ज्योत बुडाच्या आत राहील एवढीच ठेवा आणि कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की बंद करा.

थंड पाण्याने काय काय होतं तेही बघा. फरशीला गरम पाणी लागतच नाही, तेलकट डाग असेल तेवढ्या जागी मगभर गरम पाणी टाका. विसळायला लागत नाही. कपड्यांचे आताचे बरेच साबण ३० अंशांवर चांगलं काम करतात. गरम पाणी खरं लागतं ते चिकट, तेलकट भांड्यांना आणि आजारी माणसाच्या चादरी-कपड्यांना. भांड्यांचीही एक युक्ती आहे, ती मला एका स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याने शिकवली. शिजवलेलं काढून घेतलं की भांडं तापलेलं असतानाच त्यात थोडं पाणी आणि साबणाचा थेंब टाकायचा आणि झाकून ठेवायचं. भांड्यातली उष्णता तुम्ही आधीच विकत घेतलेली असते. बिडाच्या किंवा जाड काचेच्या भांड्यात मात्र एकदम थंड पाणी ओतू नका, तडकेल. (यंत्रात कपडे धुणाऱ्यांसाठी जाता जाता: पंधरा लिटर पाणी २० वरून ६० वर नेणाऱ्या धुलाईला फक्त तापवण्यासाठी ०.७ युनिट लागतं, ३० वर धुतलं तर ०.१७. फिरवायला लागणारी वीज त्यामानाने किरकोळ आहे.)

ऊन मिळत असेल तर ते वापरा. काळी बादली किंवा काळा रंगवलेला डबा, वर पारदर्शक प्लास्टिक, सकाळी उन्हात ठेवायचा आणि दुपारी कपड्यांना घ्यायचा. कडक उन्हाच्या दिवसांत दहा लिटर पाणी हाताला चांगलं गरम लागतं. ढगाळ दिवशी काही होत नाही, त्यामुळे यावर विसंबता येत नाही. हे पाणी पिऊ नका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवूही नका.

नवीन यंत्र घ्यावं का? हीट पंप नावाचं यंत्र हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतं आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांएवढी उष्णता देतं. चालवायला याच्याइतकं स्वस्त विजेवरचं दुसरं काही नाही. पण ते महाग असतं. दिवसाला शंभर-दोनशे लिटर गरम पाणी वापरणाऱ्या घराला ते फेडता येतं. तुमच्या ३० लिटरांवर, त्यातही उन्हाळ्यात जवळजवळ शून्यावर, त्याचे पैसे वसूल व्हायच्या आधी ते जुनं होईल. सौर गीझरचंही तसंच, आंघोळीसाठी बसवलेला असेल तर दुपारी त्यातलं पाणी कपड्यांना घ्या, नुसत्या भांड्यांसाठी बसवू नका. सिंकखाली छोटा इन्स्टंट गीझर बसवला तर नळीचा प्रश्न मिटतो. पण ३ किलोवॉटचा गीझर २५ अंशांनी तापवून मिनिटाला पावणेदोन लिटरच देतो, म्हणजे धार बारीक राहते. शिवाय तो १३ अँपिअर ओढतो, त्याला स्वतंत्र जाड वायर आणि अर्थिंग हवंच. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या सॉकेटवर तो लावलेला मी पाहिलाय आणि वितळलेला सॉकेटही पाहिलाय.

जुन्या गीझरला क्षार चढला म्हणून तो जास्त वीज खातो, असंही सांगितलं जातं. मी उघडलेल्या एका टाकीतून दोन ओंजळी पांढरी खर निघाली होती आणि हीटरचं वेटोळं त्यात बुडून गेलं होतं. तरीही त्याने फार वीज वाया घालवली असेल असं नाही. वेटोळं पाण्यात आहे, उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. नुकसान होतं ते वेटोळ्याचं, आतून जास्त तापून ते जळतं. गॅस गीझरमध्ये मात्र क्षार आणि काजळी दोन्ही पैसे खातात, कारण पाण्याने न घेतलेली उष्णता धुराड्यातून निघून जाते. आणि गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही नको, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

आता तुमच्या घरापुरतं. मी तुमच्या जागी असतो तर गीझर आंघोळीपुरता ठेवला असता. फरशी थंड पाण्याने पुसली असती. भांड्यांसाठी दोन वेळा सात-आठ लिटरचा टब, त्यात किटलीभर उकळतं पाणी आणि उरलेलं नळाचं. थंडीच्या दिवसांत दोन किटल्या. किटलीत जेवढं लागेल तेवढंच भरायचं. किटली नीट चालते का हेही घड्याळ लावून कळतं. दीड किलोवॉटच्या किटलीने २० अंशांचं एक लिटर पाणी उकळायला ३ मिनिटं ४३ सेकंद हे अशक्यप्राय आदर्श झालं. चार-सव्वाचार मिनिटं लागली तर उत्तम, साडेपाच लागली तर झाकण नीट बसत नाही किंवा विजेचा दाब कमी आहे. गॅसचा हिशेब स्वस्त आला तर किटलीच्या जागी झाकणाचं पातेलं, बाकी सगळं तेच.

कपड्यांच्या दोन दिवसांसाठी तो माळ्यावरचा रॉड चालेल. १५ लिटरची बादली दीड किलोवॉटच्या रॉडने वीस मिनिटांत होते. पण आधी तो खिडकीपाशी नेऊन बघा. वायर जिथे रॉडच्या मुठीत शिरते तिथे वाकवून पाहा, आवरण तडकलं असेल किंवा नळीवर छिद्र, फुगवटा, गंजाचा ठिपका दिसला तर तो दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, टाकून द्या. ठीक असेल तर प्लास्टिकची बादली घ्या, रॉडवरच्या खुणेपर्यंत तो पाण्यात बुडवा आणि मगच बटण दाबा. आणि पाणी तापलं का हे बघायला बोट घालण्याआधी बटण बंद करून पिन सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. बटणाची वायर उलटी जोडलेली घरं मी दर वर्षी बघतो.